इंदूरात राहून इकॉनॉमिक्स आणि फायनान्स करायचंय? मग सुरुवात अशी करा

बारावीचा रिझल्ट लागला की रामबागेत, लोकमान्य नगरात, सुदामा नगरात घरोघरी तेच दोन रस्ते चर्चेला येतात, सायन्स असेल तर इंजिनिअरिंग आणि कॉमर्स असेल तर सीए. त्यात एखादी पुतणी किंवा भाचा म्हणाला की मला इकॉनॉमिक्स करायचंय आणि पुढे फायनान्सकडे जायचंय, तर काका-मामांचा पहिला प्रश्न असतो, म्हणजे बँकेत लागणार का? प्रश्न चुकीचा नाही, फक्त त्याचं उत्तर मोठं आहे, आणि ते नीट सांगणारं माणूस जवळपास नसलं की मुलं एकतर घाबरून सोडून देतात नाहीतर मोबाइलवर शेअरचं अॅप टाकून त्यालाच फायनान्स समजायला लागतात. अशा मुलामुलींसाठी हे लिहितेय, आणि त्यांच्या आईबाबांनीही वाचलं तर फारच छान.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. या विषयात जो आकडे स्वतःच्या हाताने मांडतो तोच पुढे जातो. व्याख्या पाठ करून पास होता येतं, पण तिसऱ्या वर्षाला पोचेपर्यंत हातात काही उरत नाही.

आधी हे ठरवा की हाच विषय हवाय का

सीएमध्ये तुम्ही कंपनीच्या आत बसलेले असता, वह्या, टॅक्स, ऑडिट. बीबीएमध्ये धंदा चालवायचा कसा ते थोडंथोडं सगळ्या बाजूंनी बघता. इकॉनॉमिक्समध्ये प्रश्न वेगळे असतात, व्याजदर वाढला की घरं कमी का विकली जातात, बँक एकाला कर्ज देते आणि दुसऱ्याला का नाही, एखाद्या शेअरमध्ये जोखीम किती आणि त्या जोखमीचा मोबदला किती मिळायला हवा.

सियागंजातला होलसेलवाला व्यापारी एका किराणेवाल्याला महिनाभर उधार देतो आणि दुसऱ्याला रोख मागतो, कारण समोरचा पैसे देईल की नाही हे समोरच्यालाच जास्त माहीत असतं, व्यापाऱ्याला कमी. एकाला माहिती जास्त आणि दुसऱ्याला कमी असली की बाजार कसा बिघडतो हे जॉर्ज अकरलॉफने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन मांडलं आणि २००१ साली त्याला त्यासाठी नोबेल मिळालं, आणि आज बँकेच्या क्रेडिट स्कोअरपासून इन्शुरन्सपर्यंत सगळीकडे तोच मुद्दा येतो. हे वाचून डोक्यात अजून दोन प्रश्न आले असतील तर विषय तुमचा आहे. कंटाळा आला असेल तर सीए, बीकॉमही चांगलेच रस्ते आहेत, नातेवाइकांना दाखवण्यासाठी इकॉनॉमिक्स घेऊ नका.

गणिताचं काय ते आत्ताच बघा

इथे सगळ्यात जास्त मुलं अडकतात. अकरावीला कॉमर्स घेताना मॅथ्सच्या जागी आयपी (इन्फॉर्मेटिक्स प्रॅक्टिसेस, म्हणजे कॉम्प्युटरचा विषय) किंवा फिजिकल एज्युकेशन घेतलं जातं, मार्क चांगले पडतात म्हणून, आणि मग बारावीनंतर कळतं की दिल्ली युनिव्हर्सिटीच्या बीए ऑनर्स इकॉनॉमिक्सला सीयूईटीमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिट्यांच्या सामायिक प्रवेश परीक्षेत, मॅथ्स किंवा अप्लाइड मॅथ्सचा पेपर द्यावाच लागतो. तेव्हा जी मुलं अजून दहावीत आहेत त्यांनी मॅथ्स सोडू नये. सीबीएसईमध्ये अप्लाइड मॅथ्सचाही पर्याय आहे, त्यात फायनान्सचं गणित बऱ्यापैकी आहे, पण कुठलं कॉलेज ते धरतं आणि कुठलं धरत नाही हे त्या त्या वर्षाच्या प्रॉस्पेक्टसमध्ये बघून मगच ठरवा.

ज्यांचं मॅथ्स सुटलंय त्यांनी हातपाय गाळायचे नाहीत. बोर्डाचे पेपर संपल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंत चांगला मोकळा वेळ मिळतो, त्यात एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं काढा आणि सगळं करत बसू नका, एवढंच करा. आधी लॉग आणि एक्स्पोनेन्शियल, कारण चक्रवाढ व्याज म्हणजे तेच. मग डेरिव्हेटिव्ह, कारण मायक्रोमधलं, म्हणजे एकेका ग्राहकाच्या आणि कंपनीच्या अर्थशास्त्रातलं, प्रत्येक मार्जिनल म्हणजे डेरिव्हेटिव्ह. मग प्रोबॅबिलिटी, सरासरी, व्हेरियन्स, कोरिलेशन, कारण १९५२ मध्ये हॅरी मार्कोविट्झने जोखीम व्हेरियन्सने, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्यावरून, मोजली तिथूनच आजची पोर्टफोलिओ थिअरी, म्हणजे पैसे कशाकशात किती वाटून लावायचे याचा विचार, निघाला. मॅट्रिक्स शेवटी. ट्रिगनॉमेट्री सध्या राहिली तरी चालेल. रोज तासभर, पेन आणि कागद घेऊन, व्हिडिओ बघून मान डोलावण्यात काही अर्थ नाही.

कुठे शिकायचं

इंदूरातच राहायचं असेल तर पहिलं नाव देवी अहिल्या विश्वविद्यालयाचं. युनिव्हर्सिटी १९६४ ची आहे, खंडवा रोडच्या तक्षशिला परिसरात स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आहे, आणि युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या विभागांतल्या बऱ्याच कोर्सना गेल्या काही वर्षांपासून सीयूईटीवरून अॅडमिशन होते, म्हणून सीयूईटीचा फॉर्म भरताना दिल्ली-बनारससोबत हेही नाव टाकायला विसरू नका, दरवर्षी कितीतरी मुलं नुसती तारीख चुकवतात. शहरातल्या सरकारी कॉलेजांमध्येही इकॉनॉमिक्स आहे आणि फी खूपच कमी असते. नव्या शिक्षण धोरणात, जे मध्यप्रदेशने २०२१ मध्येच लागू केलं, तीन वर्षांत डिग्री घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स किंवा रिसर्चची डिग्री घेता येते. पुढे एमए, पीएचडी किंवा परदेशाचा विचार असेल तर चौथं वर्ष करा.

आयआयएम इंदूरचा आयपीएम हा वेगळा प्रकार आहे, घरात नेहमी गल्लत होते म्हणून सांगते. पाच वर्षांचा तो कोर्स २०११ मध्ये सुरू झाला, त्याची स्वतःची एंट्रन्स असते, त्यात इकॉनॉमिक्स शिकवतात पण शेवट मॅनेजमेंटमध्ये होतो आणि फी बरीच मोठी आहे. मॅनेजर व्हायचं असेल तर उत्तम.

बाहेर जायची तयारी असेल तर आपल्या लोकांना सोयीचं पुणं, तिथली गोखले इन्स्टिट्यूट १९३० पासूनची आहे आणि इकॉनॉमिक्सची बीएस्सी तिथे होते. भाषेची अडचण नाही, मावशी-आत्या कोणीतरी पुण्यात असतेच, पण हॉस्टेल, मेस, प्रवास सगळं धरून खर्च काढा आणि मगच ठरवा.

कॉलेज कुठलंही बघा, एक तपासणी न चुकता करा. सिलॅबसची पीडीएफ उघडा आणि त्यात स्टॅटिस्टिक्स, इकॉनोमेट्रिक्स (आकड्यांवरून कशामुळे काय झालं ते तपासायचं शास्त्र), मायक्रो आणि मॅक्रो (अख्ख्या देशाचं अर्थशास्त्र) हे सगळं पुरेसं आहे का, आणि फायनान्सचे निदान दोन पेपर आहेत का ते शोधा. नावात फायनान्स आहे आणि आत इकॉनोमेट्रिक्सच नाही असा कोर्स असेल तर मी तरी घेणार नाही. दुसरं म्हणजे तिथे शिकणाऱ्या सीनियरला गाठून विचारा की कॉम्प्युटर लॅबमध्ये खरंच बसवतात का.

पहिल्या वर्षात काय करायचं

मायक्रो नीट करा. बाकी सगळं त्यावर चढतं. प्रत्येक आकृती पुस्तक मिटून पुन्हा काढा, आणि रेषा का सरकली ते तोंडाने बोला, घरात आजी असेल तर तिला मराठीत समजावा की पेट्रोल महाग झालं तर रिक्षाचं भाडं तेवढंच का वाढत नाही. इंग्रजी पुस्तक आणि घरातली मराठी, वर्गात हिंदी, ही ओढाताण आपल्याकडच्या मुलांना होते, पण मराठीत सांगता आलं की मग इंग्रजीत लिहायला वेळ लागत नाही, उलटं मात्र होत नाही.

आता खरं काम, एक बॉन्ड घ्या आणि फाडून बघा

फायनान्सचं गणित पुस्तकातल्या एबीसी कंपनीवर करू नका, आपल्या शहराचं उदाहरण तयार आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महानगरपालिकेने सामान्य लोकांकडून ग्रीन बॉन्डवर, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी काढलेल्या कर्जरोख्यावर, २४४ कोटी रुपये उभे केले. कारण अगदी रोजचं आहे, नर्मदेचं पाणी जलूदहून पंपाने चढवून शहरात आणायला विजेचं बिल प्रचंड येतं, म्हणून तिथेच ६० मेगावॉटचा सोलर प्लांट टाकायचा आणि बिल कमी करायचं. व्याज ८.२५ टक्के, दर सहा महिन्यांनी, आणि जाहिरातीत सोबत ८.४२ टक्के असाही आकडा होता. हे दोन आकडे वेगळे का? इथेच पेन उचला.

हजार रुपये घातले. सहा महिन्यांनी ८.२५ च्या निम्मं म्हणजे ४१.२५ रुपये आले. ते खर्च न करता त्याच दराने पुन्हा लावले तर पुढच्या सहा महिन्यांत त्यावर साधारण १.७० रुपये अजून मिळतात. वर्षाअखेर ४१.२५ अधिक ४१.२५ अधिक १.७०, म्हणजे ८४.२० रुपये, हजारावर ८.४२ टक्के. झालं, नॉमिनल म्हणजे सांगितलेला आणि इफेक्टिव्ह म्हणजे खरा पडणारा, या दोन रेटचा अख्खा धडा एवढाच.

आता थोडं पुढे जा. हजाराचा तो बॉन्ड २५०-२५० च्या चार तुकड्यांचा होता आणि ते तुकडे ३, ५, ७ आणि ९ वर्षांनी परत मिळणार होते. म्हणजे पहिली तीन वर्षं व्याज हजारावर, मग दोन वर्षं साडेसातशेवर, वर्षाला साधारण ६१.८८ रुपये, मग पाचशेवर आणि शेवटी अडीचशेवर. एक्सेलमध्ये एका कॉलममध्ये वर्ष, दुसऱ्यात व्याज, तिसऱ्यात परत आलेलं मुद्दल असं मांडा आणि विचार करा की महानगरपालिकेने सगळे पैसे एकदम नवव्या वर्षी न देता असे तुकडे का केले असतील. सोलरमुळे बिलाची बचत दरवर्षी थोडीथोडी होणार, परतफेडही थोडीथोडी, हे जुळवणं म्हणजेच फायनान्स. मग विचारा की बचत ठरल्यापेक्षा कमी झाली तर पैसे कुठून येणार, इथे क्रेडिट रेटिंगचा, म्हणजे कर्ज घेणारा ते फेडेल याचा भरवसा किती, हा विषय सुरू होतो.

हे जमलं की दुसरं उदाहरण घ्या, जुनं आणि फारच सुंदर. १८७० मध्ये तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंदूरला रेल्वे यावी म्हणून ब्रिटिशांना एक कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्क्यांनी, मुदत १०१ वर्षं. वर्षाला व्याज साडेचार लाख. आता सांगा, १०१ वर्षांनी परत येणाऱ्या त्या एक कोटी मुद्दलाची किंमत कर्ज दिलं त्या दिवशी किती? साडेचार टक्क्यांनी रुपया १०१ वर्षांत साधारण ८५ पट होतो, म्हणून एक कोटी भागिले ८५.२६, म्हणजे फक्त १ लाख १७ हजारांच्या आसपास. कर्जाची जवळजवळ सगळी किंमत व्याजातच आहे, मुद्दल इतकं लांब आहे की नसल्यातच जमा.

आणि समजा कर्ज दिल्यावर लगेच बाजारातला व्याजदर सात टक्के झाला असता तर? तेच साडेचार लाख वर्षाला आणि शेवटी एक कोटी, पण सात टक्क्यांनी आजच्या किमतीत आणलं की साधारण ६४ लाख ३० हजार होतात. कागद तोच, सही तीच, आणि किंमत एक तृतीयांशाहून जास्त पडली. व्याजदर वर गेले की बॉन्डची किंमत खाली येते आणि मुदत जितकी लांब तितकी जास्त पडते, हे वाक्य सगळी मुलं पाठ करतात, पण ज्याने हा हिशोब एकदा हाताने केला त्याला ते कधी पाठ करावं लागत नाही. पुढे ड्युरेशन, म्हणजे व्याजदर हलला की बॉन्डची किंमत किती हलते त्याचं माप, शिकाल तेव्हा हाच कागद काढा.

मॅक्रो आणि रिझर्व्ह बँक

रेपो रेटची, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्याची, बातमी वाचून थांबू नका. तो दर ठरवणाऱ्या पतधोरण समितीत सहा जण असतात, महागाईचं लक्ष्य ४ टक्के आणि वर-खाली २ टक्क्यांची सूट, आणि बैठकीनंतर चौदाव्या दिवशी तिचं इतिवृत्त रिझर्व्ह बँकेच्या साइटवर येतं, त्यात प्रत्येक सदस्याने आपण मत असं का दिलं ते लिहिलेलं असतं. ज्या बैठकीत मतं फुटली ती शोधा आणि दोन विरुद्ध बाजूंच्या सदस्यांचं म्हणणं शेजारीशेजारी वाचा. आकडे दोघांसमोर तेच असतात, वजन कशाला द्यायचं यावर मतभेद असतो. वर्षभर हे केलंत तर मॅक्रोच्या पेपरला वेगळी तयारी फार लागत नाही.

आणि इथलंच एक नाव. आपल्या महूला जन्मलेल्या बाबासाहेबांनी १९२३ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी डीएस्सी घेतली, आणि पुढे भारतीय चलनावर नेमलेल्या रॉयल कमिशनसमोर साक्षही दिली. पैशाचं अर्थशास्त्र आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर जन्मलेल्या माणसाने इतक्या खोलात जाऊन केलंय, हे इंदूरच्या प्रत्येक इकॉनॉमिक्सच्या मुलाला माहीत असायला हवं.

दुसऱ्या वर्षापासून डेटा

एक्सेल पक्कं करा, मग आर किंवा पायथन, आकडेमोडीच्या या दोन्ही कॉम्प्युटर भाषा फुकट आहेत, कुठलंही एक. प्रॅक्टिससाठी सोयाबीन घ्या, आपल्या माळव्याचं पीक, आणि मंडीचे रोजचे भाव सरकारच्या अॅगमार्कनेटवर मिळतात. २० डिसेंबर २०२१ ला सेबीने, म्हणजे शेअर आणि वायदे बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने, सोयाबीनसकट सात शेतमालांचे वायदे (पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवणारे सौदे) थांबवले. प्रश्न असा घ्या की त्यानंतर मंडीच्या भावात चढउतार वाढला की कमी झाला. पटकन वाटेल की आधीची सरासरी आणि नंतरची सरासरी काढली की झालं, पण तसं नाहीये, कारण फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि खाद्यतेलाचे भाव जगभर उडाले, मग बदल बंदीमुळे की युद्धामुळे? म्हणून असं पीक शोधा ज्याचे वायदे थांबले नव्हते, जसं मका, आणि दोघांमधला फरक आधी किती आणि नंतर किती ते बघा. त्यातही अडचण आहे, मका आणि सोयाबीन यांच्यावर युद्धाचा परिणाम सारखाच झाला असं कशावरून? हा प्रश्न जिला स्वतःहून पडला तिला इकॉनोमेट्रिक्स यायला लागलं. छावणीच्या मंडीत एक सकाळ जाऊन लिलाव बघून या, ओलावा आणि क्वालिटी बघून एकाच दिवशी भाव किती वेगवेगळे लागतात ते कळलं की वेबसाइटवरच्या सरासरी भावाकडे तुम्ही डोळे झाकून बघणार नाही.

टिप्स आणि ट्रेडिंगपासून लांब

हे जरा कडक सांगते. इंदूरात फोनवरून शेअरच्या टिप्स विकणारी ऑफिसं बरीच झाली, त्यातल्या कितीतरींवर सेबीने कारवाई केली आहे. कॉलेजच्या मुलांना तिथे रिसर्च अॅनालिस्ट अशा नावाने घेतात आणि दिवसभर फोन करायला लावतात. ऑफर आली तर आधी सेबीच्या साइटवर त्यांचा रजिस्ट्रेशन नंबर तपासा, आणि काम फोन करायचंच असेल तर नको म्हणा, रिझ्युमेवर ते शोभत नाही आणि समोरच्या माणसाचे कष्टाचे पैसे जातात.

ऑप्शन ट्रेडिंगचंही, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे घ्यायच्या-विकायच्या हक्काच्या सौद्यांचंही, तेच. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. फी भरायला दिलेले पैसे त्यात घालू नका. ऑप्शनची किंमत कशी ठरते ते शिका, १९७३ चं ब्लॅक-शोल्सचं सूत्र शिका, कागदावर शिका.

सर्टिफिकेट आणि पुढच्या परीक्षा

पहिल्या वर्षी काहीही घेऊ नका. दुसऱ्या वर्षी एनआयएसएम या सेबीच्याच संस्थेची एखादी परीक्षा दिली तर बाजाराचे नियम कळतात, खर्चही आवाक्यात असतो. सीएफए या गुंतवणुकीच्या आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेटची पहिली लेव्हल डिग्री पूर्ण व्हायला २३ महिने उरले असताना देता येते, पण फी डॉलरमध्ये आहे, घरच्यांशी बोलून आणि रस्ता नक्की असेल तरच.

एमएसाठी सीयूईटी पीजी आहे, आयआयटीसाठी जॅम या मास्टर्सच्या प्रवेश परीक्षेचा इकॉनॉमिक्सचा पेपर आहे, आणि मुंबईची इंदिरा गांधी इन्स्टिट्यूट, जी १९८७ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच उभी केली, तिची स्वतंत्र परीक्षा असते. काकांच्या ‘बँकेत लागणार का’ या प्रश्नाचं उत्तरही इथेच, रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागात अधिकारी म्हणून भरती होते, आणि यूपीएससीची इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस आहे, दोन्हीला इकॉनॉमिक्समधली मास्टर्स लागते. बँका, रेटिंग एजन्सी, म्युच्युअल फंड, इन्शुरन्स हे तर आहेच.

चौथ्या वर्षाचा विषय

रिसर्चचं वर्ष करणार असाल तर विषय दिल्लीत शोधू नका. हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचे साधारण २२४ कोटी डिसेंबर २०२३ मध्ये सुटले, ४,८०० कामगारांचे. ३१ वर्षं धरा आणि सात टक्क्यांनी मागे आणा, बंद पडली त्या वेळच्या पैशात ते साडेसत्तावीस कोटींच्या आसपास येतात. कंपनी बुडाल्यावर बँकेचा हक्क आधी की कामगाराचा, २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याने त्यात काय बदललं, उशिराची किंमत कोण भरतं, यावर पूर्ण डिसर्टेशन होऊ शकतं आणि ते इंदूरच्याच मुलामुलींनी करायला पाहिजे.

गाइड ठरवायला तिसरं वर्ष संपायची वाट बघू नका, चांगल्या सरांकडे-मॅडमकडे जागा लवकर भरतात. जाताना एक पान लिहून न्या, प्रश्न काय, डेटा कुठला, कुठल्या वर्षांचा, आणि मोजणार काय. त्या एका पानावर ते लाल पेनाने खुणा करतील, त्या खुणा घेऊन घरी या आणि दुसऱ्या दिवशी सुधारलेलं पान परत न्या.